आतून कडी

बाहेरच्या खोलीत फरशी बसवली आहे. उद्यापर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नाही, असं मला बजावून झालं. मागच्या खोलीत भिंती घासायलेत, पांढरा धुरळा उठतो, म्हणून तिकडचं दार ओढून त्याला सामान लावलं आहे, तिकडची माणसं मागच्या दारानं ये-जा करतात. मधे मी. माजघरात माझी खाट, आणि खाटेच्या चहूबाजूंनी सगळं घर रचून ठेवलेलं. लोखंडी कपाट, गाद्यांची चळत, पिठाचे डबे, देवाचं टोपलं, पंखा, घड्याळ. सुनेच्या माहेरून आलेलं आरशाचं कपाट नेमकं माझ्याकडं तोंड करून उभं केलं आहे. दिवसभर मी मलाच दिसायलोय. ह्या वयात माणसानं स्वतःला इतकं बघू नये.

चहा खिडकीतून येतो. ताट गजातून आत येत नाही, म्हणून सुरेखा, माझी सून, भाकरीतच भाजी दुमडून देते आणि म्हणते, मामा, सांडू नका बरं. बैलाला दावणीला गव्हाण तरी असते.

पडलो ते पडलो. कसा पडलो, कशानं पडलो, ते सांगण्यासारखं नाही. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या मागं. तिकडं जाताना पडलो आणि खुबा गेला. परभणीच्या दवाखान्यात त्यात लोखंड घातलं. तेव्हापासून हातात काठी आली आणि घरात माझ्याबद्दल हळू आवाजात बोलणं सुरू झालं. बालाजीनं, माझ्या लेकानं, ठरवलं की आता संडास-न्हाणी घरातच करायची, म्हाताऱ्याच्या खाटेपासून चार पावलांवर. मिस्त्री आलाच आहे तर फरशीही करून घेऊ. फरशी केलीच तर रंगही देऊ. माणसाचा एक खुबा मोडला तर सगळं घर उकलावं लागतं, हे मला कुठं ठाऊक होतं.

ह्या नव्या रंगाला वास नसतो, असं रंगवाला म्हणतो. असतो. प्लास्टिकची नवी बादली उन्हात ठेवल्यावर येतो तसला. नाकात थांबत नाही, घशात जाऊन बसतो. पाणी प्यालं की पाण्यालाही लागतो.

भिंतीचा खरा वास मला ठाऊक आहे. घट बसायच्या आधी माझी माय आणि आळीतल्या बाया गावाबाहेरच्या गढीकडं जायच्या. तिथल्या ढासळलेल्या बुरुजाखालची माती पांढरीशुभ्र. टोपलीनं आणून ती रात्रभर भिजत घालायची. सकाळी वरचं पाणी हलवून, त्यात फडकं बुडवून, माय भिंतीला पोतारा द्यायला उभी राहायची. तिचा हात खांद्यापासून फिरायचा. एक कमान, तिच्यावर दुसरी कमान, तिच्यावर तिसरी. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, तरी एखादी खाली घसरायची आणि तेवढीच वाजायची. ओली असताना भिंत काळपट दिसायची, मायनं काही चुकीचंच लावलं असं वाटायचं. मग वरून वाळत वाळत ती पांढरी होत खाली यायची, आणि वास सुटायचा. कोऱ्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो ना, तो. आम्ही पोरं भिंतीला जीभ लावायचो. माय पाठीत घालायची, पण हात मातीनं भरलेला असायचा, म्हणून कोपरानं.

तेव्हाही ओल्या भुईवर पाय द्यायचा नाही, असंच असायचं. पण तेव्हा सगळं घर अंगणात निघायचं. उतरंडीची मडकी, वाकळा, पाटा, जातं सोडून सगळं. लिंबाखाली चूल मांडायची. माणसं उन्हात जेवायची, येणाराजाणारा वाकून बघायचा, कुणाच्या घरात काय आहे ते गावाला दिसायचं आणि त्याची लाज नव्हती. घर रंगवायचं म्हणजे घर बाहेर यायचं आणि घराबरोबर माणूसही. आता घर आत कोंबतात आणि माणसालाही.

पुढं चुना आला. लोखंडी पिंपात चुन्याच्या कळ्या टाकून पाणी ओतलं की विस्तव नसताना ते पिंप उकळायचं, गदगदा. शिंदीच्या फोकाचं टोक दगडानं ठेचून कुंचला करायचा. बालाजीची माय नवी नवरी होती तेव्हा तिनं चुन्यात हात घातला. बोटं सोलली. ते कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली हात घेऊन ती आठवडाभर डाव्या हातानं वाढत होती, आणि आमची माय म्हणत होती, हिच्या माहेरी डावरी असतात वाटतं. बोटं बरी झाल्यावर तिनं सांगितलं. मग दोघी हसल्या. दोघी आता नाहीत. मी हे कुणाला सांगायला गेलो तर सुरेखा म्हणते, मामा, आराम करा.

आराम म्हणजे ह्या भिंतीला पाठ लावून बसणं.

ही भिंत साधी नाही. ह्या भिंतीच्या पोटात बळद आहे. आताच्या लोकांना बळद म्हणजे काय ते सांगावं लागतं. माजघर आणि मागची खोली ह्यांच्या मधे, दोन भिंतींच्या आत, दाणे साठवायची कोंडलेली जागा. दार नाही, खिडकी नाही. वर माळवदावर एक तोंड, तिथून दाणे ओतायचे. खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर एक भोक, कोपरापर्यंत हात जाईल एवढंच, तिथून काढायचे. भोकाला लाकडी गुडदी आणि तिच्यावर शेणाचा लेप. पाहुण्याला कळायचंही नाही की भिंतीत वर्षभराची जवारी उभी आहे. आमच्या घरात कुणाच्या अंगावर सोनं दिसलं नाही, पण बळदावर थाप मारली की ते भरलेलं आहे का नाही ते आवाजावरून कळायचं. बाप जेवायला बसायच्या आधी जाता जाता एक थाप मारायचा. बद्द आवाज आला की मग पाटावर बसायचा.

खळ्यावरून जवारी आली की माळवदावर रांग लागायची. दाणे मोजायचे तेव्हा कुणी बोलायचं नाही. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. बाकी सगळं मुकं. पायली रिकामी झाल्याचा आवाज आणि दाणे आत पडल्याचा. सुरुवातीला दाणे लांबून पडायचे, विहिरीत खडे टाकल्यासारखे. बळद भरत आलं की आवाज जवळ येत जायचा, येत जायचा, आणि शेवटी आवाजच यायचा नाही, नुसतं दाण्यावर दाणा बसायचा. मग वरच्या तोंडावर शिळा, शिळेवर चिखल, चिखलावर कुंकवाचं बोट.

आणि नवी जवारी यायच्या आधी, उन्हाळ्यात, बळद झाडावं लागायचं. तळाचे दाणे, किडे, कोंडा, सगळं काढून राखेनं सारवून, कडुलिंबाचा पाला अंथरावा लागायचा. त्यासाठी आत माणूस उतरायला पाहिजे, आणि वरच्या तोंडातून मोठा माणूस जात नाही. तो माणूस म्हणजे मी. काखेतून धोतर बांधून बाप मला वरून सोडायचा. थोरला भाऊ अंगानं रुंद. त्याला एकदा उतरवायचं बघितलं तर तो खांद्यातच अडकला आणि त्याला परत वर ओढावा लागला. मी मात्र सुतासारखा आत जायचो. त्याचा मला तेव्हा गर्व होता.

आत गेलं की वरचा उजेड भाकरीएवढा. पायाखाली दाणे सरकायचे. वास असा की अजून मला पोटातून येतो. जुनी जवारी, राख, सुकलेला लिंब, आणि त्या सगळ्याच्या खाली भिंतीचा गार, मातीचा वास. नाकात कोंडा जायचा, पण आत शिंकायचंसुद्धा नाही, अशी आमच्या घरची रीत. बळदात बोलायचं नाही. आत गेलेल्याला बाहेरच्यानं नावानं हाक मारायची नाही. लक्ष्मी झोपलेली असते, ती नावं ऐकते, असं माय म्हणायची. म्हणून मी आत असलो की घरात माझं नाव बंद व्हायचं. आणि मला एक गंमत कळली. ज्याचं नाव घेत नाहीत त्याला माणसं विसरतात.

बळदात ऐकू फार यायचं. खालच्या भोकातून माजघरातलं, भिंतीतून मागच्या खोलीतलं. बायांचं बोलणं, भाकरी थापल्याचा आवाज, कुणाच्या तरी पायातलं जोडवं उंबऱ्याला लागलेलं. मी झाडणी थांबवून कान लावायचो. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणी नवा बैल आणला, कुणाचा नवरा बोरीच्या बाजारात कुणाशी हसत उभा होता. सगळं गाव माझ्या कानात येऊन पडायचं, दाण्यासारखं.

असाच एकदा मी आत होतो आणि माजघरात बाप आणि चुलता बोलत बसले होते. बाप म्हणाला, थोरला शिकू दे, त्याला जिंतूरला ठिवू. चुलत्यानं विचारलं, आन् धाकटा? बापानं पानाचा डबा सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, धाकटा घरी लागतो.

एवढंच.  चुलत्यानं पान लावलं असणार, कारण अडकित्त्याचा आवाज आला. मी भिंतीला कान लावून उभा होतो. ओरडलो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. पण आत बोलायचं नव्हतं. मी राहिलेला कोपरा झाडला. धोतर ओढलं, बापानं मला वर घेतलं. उन्हात आल्यावर डोळे उघडेनात. मायनं पदरानं तोंड पुसलं, गुळाचा खडा दिला आणि म्हणाली, किती पांढरा झालास रे.

थोरला शिकला, येलदरीच्या धरणावर नोकरीला लागला, तिथून लांब लांब गेला. चांगला होता. दिवाळीला यायचा तेव्हा माझ्यासाठी टॉवेल आणायचा. मी दोन यत्तांवर थांबलो आणि ही जमीन, ही जनावरं, हे घर राखलं. मला त्याचं वाईट वाटतं असं कुणी समजू नये. ह्या पंचक्रोशीत पेरणीला माझ्यासारखी पाभर धरणारा नव्हता. पण एक गोष्ट मी तेव्हापासून मनात धरली. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते मला विचारून ठरवायचं. बापाच्या माघारी हे घर माझ्या हातात आलं आणि तेव्हापासून ह्या घरात खुंटीसुद्धा मला विचारून ठोकली.

बळद आता लय वर्षं रिकामं आहे. सोयाबीन कुणी बळदात ठेवत नाही, खळ्यावरूनच मोंढ्यात विकायला जातं. माळवदावर पत्रे आले तेव्हा वरचं तोंड त्यांच्याखाली गेलं. बालाजीची माय होती तोवर ती खालच्या भोकातून आत गवत सारून पाडाचे आंबे पिकत घालायची. उन्हाळ्यात भिंतच पिकायची. रात्री झोपलं की भिंतीतून आंब्याचा वास यायचा आणि कुठला आंबा पिकला ते ती अंधारात हात घालून सांगायची. तिच्यामागं गुडदी बसली ती बसलीच.

संडास-न्हाणी तिथंच करायची आहे. बळद फोडून.

हे मला कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं. परवा मागच्या खोलीत बालाजी, सुरेखा आणि जब्बार मिस्त्री बोलत होते, आणि मी इकडं खाटेवर. त्यांना वाटलं मधे भिंत आहे. त्यांना काय ठाऊक, ती भिंत पोकळ आहे आणि पोकळ भिंत काहीच ठेवून घेत नाही. मिस्त्री म्हणला, जागा तयारच हाय, नुसती माजघराकडून फोडायची. सुरेखा म्हणली, मामाला एकदा विचारून घ्या. बालाजी म्हणला, विचारलं की न्हाईच म्हणतेत, म्हणून तर विचारायचं न्हाई.

खरं बोलला. मी नाहीच म्हणणार होतो. पण विचारायचं तर होतं.

तेव्हा मी खाट सरकवून घेतली. पाठ भिंतीला लावली, पाय पसरले. काल सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन आला आणि उभा राहिला. बाबा, जरा सरकता का, म्हणला. मी म्हणलो, मला हितं बरं वाटतंय. तो गेला. बालाजी आला, त्यानं बघितलं, तो गेला. मग त्यांनी बाहेरच्या खोलीची फरशी आधी घेतली. बसू दे म्हाताऱ्याला, असं ठरलं असणार. मला वाटलं मी जिंकलो. संध्याकाळपर्यंत फरशी माझ्या उंबऱ्याला येऊन भिडली आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यांनी मला हलवलं नाही, पण मला हलताही येत नाही.

जे व्हायचं ते आज दुपारी झालं. पोटात कळ आली.  खिडकीत सुरेखा आली, मामा काय पाहिजे, तिनं विचारलं. सुनेला काय सांगायचं. काही नको म्हणलो. आरशात मी मला बघत होतो आणि आरशातला म्हातारा घामेजला होता. थोड्या वेळानं मी बालाजीला हाक मारली. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. लेकाला कळतं. त्यानं आणि मिस्त्रीनं ओल्या फरशीवर पोती टाकली, पोत्यांवर फळ्या टाकल्या. एका काखेत बालाजी, दुसऱ्या काखेत मिस्त्री. बाबा, डावा पाय. आता उजवा. असं. घासणारी पोरं अंगणात चहा पीत होती. मला बघून त्यांनी बोलणं थांबवलं आणि तोंडं गोठ्याकडं फिरवली. ते मला जास्त लागलं. हसली असती तर मी दोन शिव्या दिल्या असत्या.

अंगण लांब आहे. एवढं लांब ते कधी नव्हतं.

परत येऊन खाटेवर बसलो, दम खाल्ला आणि म्हणलो, फोडा. बालाजी माझ्याकडं बघत राहिला. मी खाट स्वतःच काठीनं ढकलायला लागलो तेव्हा तो पुढं आला.

मला वाटलं आता झालं. काय द्यायचं ते मी दिलं. पण मघाशी मागच्या खोलीत पुन्हा तेच तिघं. मिस्त्री विचारत होता, दाराला कडी कसली घेऊ. बालाजी म्हणला, आतून काहीच लावू नको, बाहेरूनच एक राहू दे. डॉक्टरनं सांगितलंय, आत पडले तर दार उघडायला पाहिजे. सुरेखा म्हणली, मामा ऐकणार न्हाईत. बालाजी म्हणला, दार बसल्यावर कळंल त्यायला.

मी उठलो. काठी टेकत भिंतीशी गेलो, वाकता येत नाही तरी वाकलो, गुडदी ओढली. ती निघता निघेना, मग एकदम निघाली. कोंडा सांडला. त्या भोकाला तोंड लावून मी बोललो.

"बालाजी, कडी आतून पाहिजे."

पलीकडं काहीतरी जमिनीवर पडलं. मिस्त्रीनं अल्लाचं नाव घेतलं. भिंतच बोलली असं त्याला वाटलं म्हणे. सुरेखाला हसू आलं, ते तिनं दाबलं, पण मला ऐकू आलं. पोकळ भिंतीतून हसूसुद्धा येतं.

बालाजी फळीवरून चालत आला. माझ्यापुढं डब्यावर बसला. अंगठ्यावरचं वाळलेलं सिमेंट नखानं काढत होता.

"आबा, आत चक्कर आली, पडलाव, तर आमी काय करायचं?"

"दार फोडा. दार तुमचंच हाय."

"तवर?"

"तवर मी पडून राहीन. मला सवय हाय."

"हट्ट करू नका. डॉक्टर म्हणला..."

"डॉक्टर सोताच्या घरी कडी लावून बसत असंल का न्हाई?"

 मग मी त्याला म्हणलो, "बालाजी, अंगणात पडलो तवा मी एकटा होतो, पण माझा मालक मीच होतो. हितं मी बसायचं आन् तुमी येताजाता दार लोटून बघायचं, म्हातारा जित्ता हाय का. तसं जगायला मला लावू नको."

तो बराच वेळ सिमेंटच काढत राहिला. उठताना म्हणला, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. त्याच्या लहानपणी मीच त्याला शिकवलेला शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी बळद फोडलं. मिस्त्रीनं हातोडा उचलायच्या आधी सुरेखा आली, डोक्यावर पदर घेतला, खालच्या भोकाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या सासूनं कधीतरी दाखवलं असणार. मला बरं वाटलं. मग हातोडा पडला. आधी चुना सुटला, मग माती, मग एक दगड आतल्या आत गेला, आणि त्या भगदाडातून गार हवा आली. एवढी वर्षं कुणी न घेतलेली. मी नाक पुढं केलं. जवारी नव्हती, आंबा नव्हता. राख होती. आणि तो गार मातीचा वास, तेवढा होता. तोही थोडाच वेळ. मग मागच्या खोलीतला रंग आत शिरला.

माणूस जाईल एवढी वाट झाल्यावर मी म्हणलो, थांबा. आणि आत गेलो. आत मी कधी चालत गेलो नव्हतो, नेहमी वरून आलो होतो. लहानपणी दोन्ही हात पसरले तरी भिंती लागत नव्हत्या. आता कोपरं लागली. वर बघितलं. भाकरीएवढा उजेड नव्हता, पत्र्याचा अंधार होता. कानात मात्र ते सगळं तसंच आलं, बाहेर कुणी कुजबुजलं तरी. मी डोळे मिटून उभा होतो, तर मिस्त्री म्हणला, बाबा, तसेच उभे राहा, लय चांगलं झालं. आणि त्यानं पेन्सिल काढली. माझा हात जिथं भिंतीला टेकला होता तिथं खूण केली, तिथं धरायचा पाइप येणार. मला गुडघ्यात थोडं वाकायला लावलं, तिथं खूण केली. तोंड धुवायला हात कुठवर जातो, तिथं खूण केली. एकेकाळी आत मावतो म्हणून मला आत सोडत होते. आता मी जेवढा आहे तेवढीच खोली करायलेत.

पुढचे दिवस मी ओसरीवर काढले. घरातलं सामान हळूहळू आपापल्या जागी गेलं, पण जागा बदललेल्या. भिंती गुळगुळीत झाल्या, त्यांच्यावर हात ठेवला की हात घसरतो. वरचा रंग फिका गुलाबी आहे, सुरेखानं निवडला. मला विचारला नाही. रंगाचं मला काही नाही. बळदाच्या आत छातीपर्यंत पांढऱ्या टाइल्स, संडासाचं भांडं, एक बल्ब, एक नळ. नळ सोडला की आत आवाज घुमतो, विहिरीत पडल्यासारखा. दार जिंतूरहून आलं, प्लास्टिकचं, पापडासारखं हलकं. ते बसवताना मी मुद्दाम तिकडं गेलो नाही.

मिस्त्री हिशेब मिटवून गेल्यावर दिवेलागणीला बालाजी दाराशी एकटाच काहीतरी करत बसला होता. मग त्यानं मला हाक मारली.

"आबा, या. आतून लावलीय."

तो आणि सुरेखा बाजूला झाले. मी काठी बाहेर टेकवून ठेवली, पाइप धरला, आत गेलो, दार लोटलं. कडी नवी होती, चकचकीत. सारली. गेली. मग बोट चौकटीकडच्या घरात फिरवलं, जिथं कडीचं टोक बसतं. ते हललं. पुन्हा फिरवलं. पुन्हा हललं. स्क्रू इतके बारीक होते की घड्याळाला लावावेत. मी आयुष्यभर जू, वखर, गाडीचे साटे, दारं, सगळं हातानं जोडलं आहे. लोखंड लाकडात किती आत गेलं म्हणजे धरून राहतं, ते मला बोटाला कळतं. ही कडी कुणी खांदा लावला तर उघडेल. खांदा कशाला, सुरेखानं कोपर लावलं तरी. आणि बालाजी कच्चं काम करत नाही. त्याला स्क्रू मारायला मीच शिकवलंय.

मी तसाच उभा होतो. बाहेर बालाजीनं हळूच विचारलं, लावली का. सुरेखा म्हणली, लावली. दोघंही तिथून हलले नाहीत. माझ्या आवाजाची वाट बघत असणार. मी नळ सोडला, हात धुतले, सावकाश. नळ बंद केला. पाणी वाहून गेलं. मग कडी एकदा काढली आणि पुन्हा टोकापर्यंत नीट सारली, आणि लागेल तेवढा वेळ आत राहिलो.

बाहेर आलो तर बालाजी लांब उभा राहून एक रिकामं पोतं घडी घालत होता. घडी झालेलीच होती.

"बसलीय का नीट, आबा?" त्यानं विचारलं. माझ्याकडं न बघता.

मी काठी हातात घेतली.

"पक्की हाय," म्हणलो.